गोठ्यातली शिंदी



नाताळवर बोलायला आकाशवाणीने या माणसाला का बोलावलं, असा प्रश्न माझं नाव ऐकून तुमच्यापैकी काहींना पडला असेल. निमंत्रण आलं तेव्हा मलाही पडला होता. मी मुसलमान. कविता मराठीत लिहितो. नाताळ हा काही माझा सण नव्हे. पण मी वसईचा आहे, आणि वसईत वाढलेल्या माणसाला नाताळ चुकवता येत नाही. तो चर्चमध्ये गेला नाही तरी नाताळ त्याच्या घरी येतो, झाकलेल्या ताटातून.

ज्यांनी वसई फक्त लोकलच्या खिडकीतून पाहिली, त्यांना स्टेशनच्या पश्चिमेची जुनी वसई सांगून कळायची नाही. समुद्रापर्यंत नुसत्या वाड्या होत्या. केळी, पानवेली, मोगरा, सोनचाफा. विहिरीवर रहाट. पहाटेच्या गाडीने फुलं आणि भाजी मुंबईला जायची. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. ते गेले, त्यांनी दिलेली परेरा, लोपीस अशी आडनावं राहिली. पण या आडनावांची माणसं घरात बोलतात ती कादोडी किंवा वाडवळी, म्हणजे मराठीचीच बोली. म्हाताऱ्या बायका लुगडं नेसायच्या. आमच्या घराला लागून अशाच एका कुटुंबाची वाडी होती. मधे कुंपण होतं ते मेंदीचं, आणि त्यातही एक फट होती. ती फट कुणी पाडली ते मला माहीत नाही. मी चालायला लागलो तेव्हापासून ती होतीच.

माझे वडील बेकरीत भट्टीवर होते. लाकडाची जुनी भट्टी. वसईचा ख्रिस्ती समाज पाव खाणारा, त्यामुळे बारा महिने काम असायचं. पण खरी धांदल डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून. तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. बायका नानकटाईचं पीठ मळून, केकचं मिश्रण फेटून पत्र्याचे ट्रे घेऊन बेकरीत यायच्या. काहीजणी घरीच पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे असा रव्याचा केक करत; पण जास्त माल असला की भट्टीच बरी.

भट्टीचं एक तंत्र असतं. रात्री लाकडं पेटवायची, पहाटे निखारे ओढून तिथे पाव लावायचा. पावाला कडक आच लागते. पाव निघाला की भट्टी हळूहळू उतरू लागते. मग वडील कागदाचा एक कपटा आत टाकून पाहत. लगेच काळा झाला तर थांबायचं. बदामी झाला तर नानकटाई. आणखी थोड्या वेळाने, आच मऊ झाली की केक. चिठ्ठी लावली तर जळते, म्हणून ट्रेच्या कडेला खडूने खूण केलेली असे. कुणाचा क्रूस, कुणाचं फूल, कुणाचा नुसता एक आकडा. दिवाळीआधी याच भट्टीत नानकटाईचे ट्रे यायचे, ईदच्या आधीही यायचे. भट्टीला फरक फक्त आचेचा कळायचा.

शेजारच्या मावशींच्या ट्रेवर खूण नसे. ‘आमचा तो बिनखुणेचा,’ त्या म्हणत. वडील तो ओळखत.

पंचवीस तारखेला दुपारी मावशींकडून ताट येई. क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं. त्यात नेवऱ्या, कलकल, नानकटाई, रव्याचा केक आणि फुगे. फुगे म्हणजे यीस्ट घालून तळलेले गोल, पोकळ वडे. ताटाबरोबर मावशींचं एक वाक्य ठरलेलं असे. ‘भाभी, वेगळ्या पातेल्यातलं आहे हं.’ त्यांच्या घरी सणाला डुकराचं इंद्याल होई, मोठ्यांच्या केकमध्ये रमही पडे. आमच्यासाठीचं सगळं त्या आधी करत. वेगळं पातेलं, वेगळं तेल, वेगळा झारा. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अम्मीने कधी विचारलंही नव्हतं. वाक्य मात्र दरवर्षी व्हायचंच, कारण समोरच्याच्या मनात न विचारलेली शंकासुद्धा राहू नये, ही त्यांची रीत.

लहानपणी मला ते वाक्य म्हणजे ताटावरचं झाकण वाटायचं. काढायचं आणि खायला लागायचं. त्याची किंमत फार उशिरा कळली.

आता गोठ्याची गोष्ट सांगतो. नाताळात ख्रिस्ती घरांतून बाळ येशूच्या जन्माचा देखावा करतात. इटलीत ग्रेचो गावी १२२३ साली संत फ्रान्सिसने असा देखावा मांडला, तिथपासून ही प्रथा रुजली म्हणतात. आमच्या वाडीत मुलं नाताळच्या आधी पसरट डब्यांत नाचणी पेरत. ती सणापर्यंत बोटभर उगवली की तीच बेथलेहेमची हिरवळ. विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ खरवडून डोंगराला लावायचं. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या बांबूच्या कामट्या कुणीतरी जपून ठेवलेल्या असत. त्यांचीच चांदणी व्हायची. मी या सगळ्यात होतो.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा घरी जाऊन अम्मीला गोठ्याचं वर्णन केलं. अम्मी मराठी चौथी शिकलेली, कुराण मात्र रोज वाचणारी. ती म्हणाली, ‘आपल्या किताबातही ही गोष्ट आहे. फक्त आपल्याकडे गोठा नाही, खजुराचं झाड आहे.’ मग तिने सूरह मरियममधली हकीकत सांगितली. कुराणातला हा एकोणिसावा अध्याय. मरियम ही कुराणात नावानिशी आलेली एकमेव स्त्री. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर ती एकटी खजुराच्या बुंध्याशी येते. मेले असते तर बरं, असं म्हणते. तेव्हा तिला आवाज येतो, दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे, बुंधा हलव म्हणजे ताजे खजूर पडतील, खा, पी, डोळे निवव. 

मला त्या वयात एवढंच कळलं की शेजारच्या गोठ्यात एक झाड राहून गेलंय. आमच्याकडे शिंदी भरपूर. तीही खजुराच्याच कुळातली. मी कोयत्याने एक लहानशी झावळी तोडली आणि कुंपणाच्या फटीतून नेऊन बाळाच्या डोक्याशी रोवली.

मुलं हसली. एक पाहुणा आला होता, तो म्हणाला, ‘बायबलात कुठे आहे हे झाड?’ मावशींचे सासरे ओट्यावर बसून सुंभ वळत होते. मान वर न करता ते म्हणाले, ‘बैल आणि गाढव तरी जन्माच्या गोष्टीत कुठे लिहिलेत? तरी आपण ठेवतोच ना. राहू दे. सावली होईल पोराला.’

लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे. बैल आणि गाढव जन्माच्या त्या कथेत खरोखरच नाहीत. हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं, तेव्हा आजोबांची आठवण झाली.

त्या वर्षापासून गोठ्यात शिंदी असायची. आणि ती आमच्या घरून जायची. ते आमचं काम ठरलं.

मग १९९२ साल आलं. त्या डिसेंबरात काय झालं हे तुम्हाला सांगायला नको. मी बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो. मुंबईत दंगल पेटली होती, संचारबंदी होती. आमच्या वाडीत काही घडलं नाही, पण न घडण्याचीही एक भीती असते. वडील बेकरीत जाताना दहादा मागे वळून बघत. ओळखीची माणसं नेहमीसारखी बोलत, फक्त जरा लवकर बोलणं संपवत. त्या वर्षी मी झावळी नेली नाही. मला वाटलं, यंदा आपण आपलं घरात राहावं. त्यांच्या सणात आपली सावली नको.

चोवीस तारखेला संध्याकाळी मावशींचा थोरला कुंपणातून आला. माझ्याच वयाचा. म्हणाला, ‘आई विचारते, शिंदी कुठाय? गोठा अडलाय.’

मी काहीतरी कारण सांगितलं. खरं कारण माझ्या हातात होतं. शिंदी तोडायला कोयता लागतो, आणि शिंदीची झाडं रस्त्यापलीकडे होती. त्या दिवसांत माझ्या नावाच्या, माझ्या वयाच्या मुलाने तिन्हीसांजेला कोयता घेऊन रस्ता ओलांडायचा, याचा अर्थ कोण काय लावील, याची मला भीती वाटत होती. हे मी बोललो नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, कोनाड्यातला कोयता स्वतः उचलला आणि म्हणाला, ‘चल, मी धरतो. तू फक्त दाखव कुठली.’

तो पुढे, मी मागे. एवढंच झालं. रस्त्यावर आम्हाला कुणीही अडवलं नाही. झावळी मी निवडली, तोडली त्याने. परत आलो तेव्हा मावशी गोठ्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी धीर वगैरे काही दिला नाही. ‘एवढी मोठी कशाला आणलीस रे? चांदणी झाकते,’ असं म्हणाल्या आणि कात्रीने पाती छाटू लागल्या. मला त्या रात्री पंधरा-वीस दिवसांनी झोप लागली.

दुसरी आठवण रमजानची. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान. म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९९८, १९९९ आणि २००० असे लागोपाठ तीन नाताळ रमजानात आले. घरात सगळ्यांचे रोजे. दुपारी ताट आलं असतं तर आम्ही ते आनंदाने घेतलं असतं, झाकून ठेवलं असतं. पण ९८ साली दुपारी ताट आलंच नाही. अम्मी दोनदा फटीकडे बघून आली. म्हणाली, ‘ताईंची तब्येत बरी नसेल.’

सहा वाजून गेले, मगरिबची अजान सुरू झाली आणि मावशी कुंपणातून आल्या. फुगे गरम होते. म्हणजे बाई घरी पाहुण्यांचा गोतावळा असताना सूर्य बुडायची वाट पाहत कढईपाशी थांबली होती. ‘दिवसा आणलं असतं तर वास सुटला असता,’ म्हणाल्या. ‘तुमच्या पोरांना कशाला छळायचं?’

आम्ही खजुराने रोजा सोडला आणि दुसरा घास त्यांच्या फुग्याचा घेतला. हातात खजूर, दिवस नाताळचा. मला मरियमचं झाड आठवलं. पुढची दोन वर्षंही ताट अजानलाच आलं. २००० साली तर ईद नाताळच्याच आठवड्यात आली. शिरखुर्म्याचं दूध मावशींच्या म्हशीचं, आणि ईदच्या ताटात उरलेली नाताळची नानकटाई. पाहुण्यांना कळेना, कुठलं घर कुठला सण करतंय.

श्रोतेहो, सरमिसळ झाली म्हणून मी हे सांगत नाही. सरमिसळ झालीच नव्हती. मावशी मिस्सेला जायच्या, आम्ही नमाज पढायचो. आम्ही इंद्याल कधी खाल्लं नाही, त्यांनी कधी रोजा धरला नाही. पण आमचं पथ्य त्यांना पाठ होतं आणि त्यांचं आम्हाला. त्यांच्या उपवासकाळात, ईस्टरच्या आधी, शुक्रवारी अम्मी बिर्याणी पाठवत नसे, शनिवारवर ढकलायची. एकमेकांचा सण सांभाळणं म्हणजे दुसऱ्याची पातेली आणि त्याची वेळ सांभाळणं, हे मला त्या दोन बायकांनी शिकवलं. दोघींपैकी एकीनेही ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द आयुष्यात उच्चारला नसेल.

आणि हे सगळं चाललं मराठीत. आम्ही प्रार्थना अरबीत करतो. मावशींच्या लहानपणी त्यांची मिस्सा लॅटिनमध्ये होती; १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. पण वाटीभर साखर मागायची ती दोघींनीही पहिल्यापासून मराठीतच मागितली. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज गोव्यात येतो आणि १६१६ साली त्याचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापलं जातं. त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद ओवीतच ‘योगसंग्राम’ लिहितात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मला आमच्याच वाडीतलं कुणी व्यासपीठावर गेल्यासारखं वाटलं. या भाषेच्या कुंपणालाही एक फट आहे, आणि तिच्यातून जा-ये फार जुनी आहे. मी कवितेत आलो तो त्याच फटीतून.

आता आजचं सांगतो. वाडी राहिली नाही. तिथे इमारती आहेत. मेंदीचं कुंपण गेलं, वडिलांची भट्टी बंद झाली. अम्मी आणि मावशी दोघीही गेल्या. मावशींचा थोरला त्याच जागेवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी समोरच्या इमारतीत. गोठा आता इमारतीखाली गाड्या लावतात तिथे होतो. नाचणीऐवजी प्लास्टिकची हिरवळ असते. शिंदी मात्र असते.

गेल्या नाताळला माझ्या पुतण्याने मला विचारलं, ‘चाचा, तुम्ही त्यांना शुभेच्छा देता ते बरोबर आहे का?’ त्याच्या मोबाइलवर कुणीतरी काही पाठवलं होतं. पोरगा वाईट नाही. इंजिनीअर आहे, नमाजी आहे. तो म्हणाला, ‘ते ईसांना देवाचा पुत्र मानतात, आपण पैगंबर मानतो. मग शुभेच्छा दिल्या म्हणजे त्यांचं म्हणणं कबूल केल्यासारखं होत नाही का?’

प्रश्न टाकाऊ नव्हता. हा फरक खरा आहे, मोठा आहे. तो नाहीच असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मी त्याला म्हणालो, ‘शेजारची नानी चाळीस वर्षं आपल्या ईदला आली. शिरखुर्मा प्याली, तुझ्या दादीच्या गळ्यात पडली. तिने कलमा पढला का? नाही. आपण तिला कधी विचारलं का? नाही. ती आपल्या घरी आपला आनंद बघायला यायची. मीही तेवढ्यासाठीच जातो.’ तो काही बोलला नाही. पटलं असंही म्हणाला नाही.

अशा गोष्टी हल्ली सगळीकडच्या पोरांच्या मोबाइलवर येतात. प्रत्येकाला आपल्या माणसांनी दुसऱ्याच्या दारात जाऊ नये असं वाटतं. तर्क प्रत्येकाचा वेगळा, निरोप एकच. कुंपण घालणाऱ्यांना त्यातली फट आधी बुजवायची असते.

आता मुद्दा शिंदीचा होता. जवळपास एकही झाड उरलं नव्हतं. समुद्राच्या अंगाला भुईगावकडे काही आहेत हे मला ठाऊक होतं. माझे गुडघे आता दुखतात. मी पुतण्याला म्हटलं, ‘मला गाडीवरून सोडशील?’ त्याने सोडलं. मी पाती दाखवली, तोडली त्याने. येताना झावळी खांद्यावर घेऊन मी मागे बसलो होतो, आणि शिंदीचे काटे त्याच्या पाठीला टोचू नयेत म्हणून अंग चोरत होतो.

इमारतीखाली पोचलो. तो गोठ्यापाशी आला नाही, गाडीपाशीच थांबला. मी आग्रह केला नाही. झावळी रोवली, शुभेच्छा दिल्या. मावशींचा नातू वर जाऊन ताट घेऊन आला आणि थेट गाडीपाशी गेला. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा. मला ऐकू आलं, तो पुतण्याला सांगत होता, ‘घ्या ना. वेगळ्या पातेल्यातलं आहे.’

त्याने आजीला पाहिलं होतं ते अगदी लहानपणी. वाक्य मात्र त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

पुतण्याने नानकटाई उचलली. एक खाल्ली, दुसरी रुमालात बांधली; घरी लेकीसाठी.

मी हिशेब मांडून ठेवला आहे. २०३१ चा नाताळ पुन्हा रमजानात येणार आहे. त्या दिवशी ताट दुपारी येईल की अजानला, हे आज मी सांगू शकत नाही. त्या पोराला वेळ ठाऊक असेल का, आणि आमच्याकडे दार उघडायला कोण असेल, हेही नाही. पण अजून काही वर्षं हातात आहेत. तोवर शेजारच्या पोराला आपली वेळ सांगून ठेवता येईल, आणि आपल्या पोराला त्यांची.

माझ्या सर्व ख्रिस्ती बांधवांना नाताळच्या मनापासून शुभेच्छा. आणि बाकीच्या श्रोत्यांना एकच विनंती. यंदा शेजारून ताट आलं तर ते रिकामं परत पाठवू नका. 

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)